कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते तुमच्या बॅगेत आहे

आता तुम्ही कॉम्प्युटरचा कूलर विमानातून न्यायचं ठरवलंच आहे म्हटल्यावर अडवणारे आम्ही कोण. 360 एमएमचा लिक्विड कूलर, म्हणजे नळ्यांतून पाणी फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा, पोटच्या पोरासारखा जपलेला, तो काय सुटकेसा भिरकावणाऱ्यांच्या हाती द्यायचा? छे छे. केबिन बॅगेतच न्यायचा. फक्त निघण्याआधी थोडी तयारी करा.

पहिली तयारी म्हणजे नियम अजिबात वाचू नका. 2006 साली लिक्विड स्फोटकांनी विमानं उडवायचा कट लंडनमध्ये उघडकीला आला आणि तेव्हापासून केबिनमध्ये 100 मिलीच्या वरची बाटली नको हे जगभर सुरू झालं, ठीक आहे, पण तो नियम शाम्पूवाल्यांसाठी, तुमचं लिक्विड तर कारखान्यातून सील होऊन आलंय, त्याला वॉरंटी आहे वॉरंटी. आत किती आहे विचारलं तर खोकं पुढे करा. त्यावर पंख्याचा स्पीड असतो, आवाज किती डेसिबल ते असतं, आरजीबी म्हणजे रंगीबेरंगी दिव्यांचं कौतुक तर चारही बाजूंनी असतं, मिली तेवढं शोधून सापडत नाही. मग "शंभरच्या आतच असेल हो" असं अंदाजपंचे ठोकून द्या. तसंही नियम आत किती उरलंय ते बघत नाही, भांडं केवढं आहे ते बघतो, 200 मिलीच्या बाटलीत तळाला चमचाभर असलं तरी बाटली कचऱ्यातच जाते. आता रेडिएटर नावाच्या, पाणी जिथे थंड होतं त्या भांड्याचं माप कसं काढायचं हे समोरच्या सिक्युरिटीवाल्या बाईंनाही माहीत नाही आणि तुम्हालाही नाही, म्हणजे निर्णय बाईच घेणार.

काही विमानतळांवर बॅगेच्या आतलं सगळ्या बाजूंनी दाखवणारे नवे सीटी स्कॅनर बसलेत, त्यातल्या काही ठिकाणी लिक्विडचं फारसं कोणी विचारत नाही. तिथून जाताना आरामात सुटा आणि परत येताना जुन्या मशीनपुढे उभे राहा, म्हणजे दोन्ही अनुभव पदरात पडतील.

एक्सरेत हा प्रकार कसा दिसतो याची काळजी तर मुळीच करू नका. बारीक पत्र्यांचा जाड ठोकळा, त्यातून निघालेल्या दोन नळ्या, नळ्यांच्या टोकाला तांब्याची चकती लावलेला गोल डबा, डब्यातून लोंबणाऱ्या वायरी, आणि तुम्ही डोकं चालवून शेजारीच ठेवलेली पॉवर बँक. (ती चेक-इनमध्ये टाकता येत नाही, बरोबरच आहे तुमचं, पण अगदी शेजारी?) माझा कूलर ट्रेमध्ये असाच गेला तेव्हा पट्टा थांबला, मागे आला, परत पुढे गेला, मग स्क्रीनवरच्या माणसाने दुसऱ्याला बोलावलं आणि दुसऱ्याने तिसऱ्याला. मी हसतमुखाने सांगितलं, साहेब, कॉम्प्युटरचा पार्ट आहे, सॉलिड आहे, पाणीबिणी काही नाही. साहेबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, कानाजवळ नेला आणि हळूच हलवला.

खळखळ.

आता हे वर्षानुवर्षं वापरलेल्या कूलरमध्ये होणारच, नळीच्या रबरातून थोडं थोडं पाणी उडून जातं, त्या जागी हवेचा बुडबुडा बसतो आणि तो खळखळतो, यात माझी काय चूक? हे सगळं मी त्यांना समजावूनही सांगितलं. मागे रांग वाढत होती आणि साहेब मला पाण्यात बघत होते. मग आत काय आहे असं विचारल्यावर मी खरं तेच सांगितलं, पाणी आणि ग्लायकॉल. तुम्हीही सांगा. "ग्लायकॉल" हा शब्द सिक्युरिटीत मोठ्याने म्हटला की पुढचा अर्धा तास आपोआप भरतो.

कस्टम लूपवाल्यांना, म्हणजे नळ्या, टाकी, पंप सुटे आणून असा कूलर स्वतःच जोडणाऱ्यांना, तर आमचा साष्टांग नमस्कार. तुम्ही लूप रिकामा करून वाळवून नेऊ शकता, पोचल्यावर नवं कूलंट भरू शकता, पण मग मजा काय राहिली? भरलेलाच न्या, तोही अंधारात चमकणारा हिरवागार, आरपार दिसणाऱ्या टाकीतून. वर गेल्यावर केबिनमधला दाब जमिनीवरच्या सुमारे तीन चतुर्थांश होतो, कारखान्यात सील केलेला कूलर तेवढं सहज सोसतो, पण तुम्ही रात्री दोनला युट्युब बघून आवळलेलं ते शेवटचं फिटिंग सोसेल का हे बघायला यापेक्षा चांगली जागा नाही. खाली कोणाची बॅग आहे तेवढं बघून ठेवा.

आणि हो, प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायची थर्मल पेस्ट विसरू नका. साधी पेस्ट नेऊ नका, ती दोन-चार ग्रॅमची निरुपद्रवी ट्यूब कोणाच्या डोळ्यावर येत नाही. तिच्याऐवजी लावतात ते लिक्विड मेटल न्या! इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पाऱ्यासारखं चकाकणारं ते द्रव्य, त्यात मुख्य माल गॅलियम, आणि गॅलियमची खासियत अशी की ॲल्युमिनियममध्ये घुसून त्याला बिस्किटासारखं ठिसूळ करतं, म्हणूनच हवाई वाहतुकीत त्याची गणना गंजवणाऱ्या धोकादायक मालात होते. विमान बऱ्यापैकी कशाचं बनतं हे तुम्हाला माहीत असेलच. अधिकाऱ्याला माहीत नसेल तर तुम्ही सांगा, ज्ञान वाटल्याने वाढतं.

माझी चौकशी चालू होती तेव्हा शेजारच्या रांगेत एक पोरगा आला. त्याच्या ट्रेमध्ये प्रोसेसर नुसत्या हवेने थंड करणारा किलोभराचा एअर कूलर, पत्र्यांचा नुसता डोंगर, वर दोन पंखे. माझ्या कूलरपुढे दिसायला अगदीच गावंढळ. बाईंनी विचारलं, काय आहे हे?

"पंखा."

"जा."

तो गेला. मी तिथेच बूट काढून उभा, आणि साहेब अजून हलवतच होते.