‘एनबीडी संपलं, आयस्कझी घ्या’ वाल्या फॉरवर्डला उत्तर

हिंजवडी-बाणेर पट्ट्यातल्या ॲडमिन लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय, बहुतेकांना दोन-तीनदा तरी आला असेल. थोडक्यात म्हणणं असं: नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस (एनबीडी, दुसऱ्या मशीनवरची डिस्क नेटवर्कवरून आपलीच असल्यासारखी वापरायची सोय) म्हणजे १९९७ सालचं खेळणं, लाइट गेली की डेटा उडतो, एन्क्रिप्शन नाही, एकच कनेक्शन म्हणून स्लो, वर सिक्युरिटी होल, नेट गेलं की मशीन लटकतं, आणि नवीन रिलीजमधे नुसती रंगरंगोटी, तेव्हा सगळं काढा आणि आयस्कझी (त्याच कामाचा दुसरा प्रोटोकॉल) लावा. यातलं १९९७ तर बरोबर आहे, लिनक्स कर्नलमधे ते तेव्हाच आलं. बाकीचं बघू.

सगळ्यात जास्त घाबरवतो तो डेटा उडण्याचा मुद्दा, म्हणून आधी तोच. तक्रार खोटी नाहीये, दोष चुकीच्या माणसाच्या गळ्यात मारलाय. प्रोटोकॉलमधे फ्लश नावाची कमांड आहे, तिचा अर्थ असा की आत्तापर्यंत ज्या राइटना सर्व्हर ‘झालं’ म्हणालाय त्या सगळ्या डिस्कवर पक्क्या उतरल्याशिवाय या फ्लशला उत्तर द्यायचं नाही. एफयूए म्हणजे तेच, पण एका राइटपुरतं. आता गंमत अशी की एनबीडी-सर्व्हर या मूळ, जुन्या प्रोग्रामच्या कॉन्फिग फाइलमधे फ्लश आणि एफयूए आपण स्वतः ट्रू लिहावं लागतं, डिफॉल्ट बंद. नाही लिहिलं तर सर्व्हर क्लायंटला सांगतच नाही की मला फ्लश कळतो, मग क्लायंटचं कर्नल समजतं या डिस्कला कॅशच नाही, आणि एक्स्ट४ (लिनक्सची फाइलसिस्टिम) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, कमिट करून बिचारं फ्लश मागतं तो वाटेतच ‘झालं’ म्हणून परत येतो. इकडे सर्व्हरच्या रॅममधे डेटा साधारण तीसेक सेकंद लोळत पडलेला असतो. तेवढ्यात पहिल्या पावसाने फीडर ट्रिप झाला की गेलं सगळं. दोन ओळी लिहिल्या नाहीत म्हणून प्रोटोकॉल वाईट? एनबीडीकिट किंवा क्यूईएमयू-एनबीडी (क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) हे दुसरे सर्व्हर वापरत असाल तर साध्या फाइल-बिफाइलच्या एक्स्पोर्टला (सर्व्हर जी डिस्क वाटतो तिला) ते फ्लशचं आपणहून सांगतात.

तपासायला एनबीडीइन्फो ही कमांड चालवा, समोर एक्स्पोर्टचा पत्ता द्या. आउटपुटमधे ‘कॅन फ्लश’, ‘कॅन एफयूए’, ‘कॅन मल्टी कॉन’ अशा ओळी येतात, पहिल्या दोन्हींसमोर फॉल्स दिसलं तर आधी कॉन्फिग उघडा, फॉरवर्ड नंतर करा.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे कॉपीऑनराइट. कर्वेनगरातल्या एका लॅबमधे डिस्कलेस मशीनं होती, एकच इमेज सगळ्यांना, त्यावर कोणीतरी कॉपीऑनराइट चालू केलेलं, पोरांनी दिवसभर प्रोजेक्टं सेव्ह केली आणि संध्याकाळी मशीनं बंद झाल्यावर सगळं गायब. मग बोंबाबोंब की एनबीडीने खाल्लं. अहो, तो ऑप्शन आहेच त्यासाठी, राइट वेगळ्या फाइलमधे जातात आणि कनेक्शन तुटलं की ती फाइल पुसली जाते, मॅन्युअलमधे लिहिलंय.

एन्क्रिप्शन नाही म्हणतात. टीएलएस (नेटवर्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करायची पद्धत) २०१६ पासून एनबीडी-सर्व्हरमधे आहे, एनबीडीकिट आणि क्यूईएमयूमधेही आहे. मात्र नुसतं चालू करून भागत नाही. एनबीडीकिटला टीएलएस ‘ऑन’ दिलं तर बिनटीएलएसचा क्लायंटही आत येतो, ‘रिक्वायर’ द्यायचं. एनबीडी-सर्व्हरला फोर्स टीएलएस. आणि एक खरी अडचण आहे ती लपवत नाही, कर्नलमधला क्लायंट स्वतः टीएलएस करत नाही, एनबीडी-क्लायंटची एक प्रोसेस मधे बसून ते काम करते, म्हणजे सीपीयू जातो. ऑफिसातल्या ऑफिसात वेगळ्या व्हीलॅनवर (बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कवर) असाल तर विचार करून ठरवा. बाहेरच्या नेटवरून एनबीडीचं १०८०९ पोर्ट उघडा ठेवून टीएलएस नको म्हणणाऱ्याला मात्र कोपरापासून नमस्कार.

एकच कनेक्शन, म्हणून स्लो. कर्नल आणि क्लायंट दोघांनाही एका डिव्हाइसला अनेक कनेक्शनं जोडता येतात, सर्व्हरने मल्टी-कॉनचा फ्लॅग दिला पाहिजे एवढंच. त्या फ्लॅगचा अर्थ, एका कनेक्शनवर फ्लश केला की दुसऱ्या कनेक्शनवरून झालेल्या राइटही पक्क्या. इथे लोक भलताच अर्थ काढतात आणि तोच एक्स्पोर्ट दोन मशीनवर एक्स्ट४ म्हणून राइटेबल माउंट करतात, आणि फाइलसिस्टिमचा चुराडा झाला की परत एनबीडीच्या नावाने शंख. एकाच चोपडीत दोन मुनीम एकमेकांकडे न बघता जमाखर्च लिहायला लागले तर व्हायचं तेच होणार. आयस्कझीवर हाच उद्योग करून बघा, तिथेही हेच होईल. जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइलसिस्टिम लागते त्याला.

रंगरंगोटी म्हणतात त्याचा एकच नमुना देतो. आधी रिक्वेस्टमधली लांबी ३२ बिटची होती, म्हणजे ट्रिम करा (न लागणारी जागा सोडा), शून्य भरा, कुठे डेटा आहे कुठे भोक ते सांगा, असलं काहीही एका दमात ४ जीबीच्या आतच. १ टीबीची रिकामी डिस्क साफ करायची तर अडीचशेच्या वर रिक्वेस्टा. आता एक्स्टेंडेड हेडर आलेत, क्यूईएमयू ८.२ आणि लिबएनबीडी (क्लायंटची लायब्ररी) १.१८ मधे, लांबी ६४ बिटची, एका रिक्वेस्टमधे काम. (प्रत्यक्ष डेटा वाचायला-लिहायला मर्यादा आहेच, ती उठलेली नाही.) भोकं कळतात म्हणून एनबीडीकॉपी ती वगळून कॉपी करतं, आणि क्यूईएमयूचे डर्टी बिटमॅप (कुठले ब्लॉक बदलले त्याची नोंद) याच वाटेने मिळतात म्हणून व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) इन्क्रिमेंटल, म्हणजे बदललं तेवढ्याचाच, बॅकअप होतो. रोज रात्री बॅकअपची खिडकी सांभाळणाऱ्याला विचारा ही रंगरंगोटी आहे का.

सिक्युरिटी होल होते, हो. २०२२ मधे सीव्हीई-२०२२-२६४९५ आणि २६४९६ (सीव्हीई म्हणजे होलचा जाहीर नोंद क्रमांक), एक्स्पोर्टच्या नावाची लांबी खोटी पाठवली की बफर ओव्हरफ्लो, एनबीडी ३.२४ मधे दुरुस्त. डेबियन लिनक्सवाले जुन्या नंबरातच फिक्स घालतात, त्यामुळे नुसता व्हर्जन बघून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका, पॅकेजचा चेंजलॉग बघा. क्यूईएमयूत सीव्हीई-२०२४-७४०९ होता, क्लायंट जोडायचा आणि हँडशेक (सुरुवातीची बोलणी) पुरा न करता बसून राहायचा, सर्व्हर बंद करताना क्रॅश. आता १० सेकंदात हँडशेक नाही झाला तर हाकलतात आणि डिफॉल्ट १०० कनेक्शनांची मर्यादा आहे. होल सापडला, बुजवला, चांगलंच आहे की. कोणी बघतंय म्हणून सापडतंय.

आयस्कझीला नावं ठेवायची नाहीत मला. मल्टिपाथ (एका डिस्कला अनेक वाटा) हवा, पर्सिस्टंट रिझर्व्हेशन (डिस्कवर कोणत्या मशीनचा हक्क याची टिकून राहणारी नोंद) हवं, समोर विकतची सॅन (स्टोरेजचं वेगळं नेटवर्क) आहे, तर आयस्कझीच घ्या, एनबीडीच्या नादी लागूच नका. पण व्हीएमची इमेज कुठेतरी दाखवायची, एचटीटीपीवरची किंवा एक्सझेडमधे दाबलेली फाइल डिस्क म्हणून वाचायची, मुद्दाम एरर आणि डिले घालून आपलं सॉफ्टवेअर झोडपून बघायचं, हे एनबीडीकिटमधे एक प्लगइन आणि एक फिल्टर लावून होतं. आयस्कझी टार्गेटवर तेच करायला बसलात तर शनिवार-रविवार गेला म्हणून समजा.

राहता राहिलं ‘नेट गेलं की मशीन लटकतं’. रस्ता खोदला की फायबर तुटणार, पुण्यात हे गृहीतच धरायचं. कर्नल क्लायंटला टाइमआउट आणि पर्सिस्ट द्या, क्यूईएमयूला रीकनेक्ट-डिले द्या, त्याचा डिफॉल्ट शून्य आहे म्हणजे लाइन तुटली की लगेच एरर. काहीच न देता जोडलंत तर प्रोसेस डी स्टेटमधे (डिस्कच्या उत्तराची वाट बघत) अडकतात आणि किल नाइनलाही (जबरदस्तीने बंद करायच्या कमांडलाही) दाद देत नाहीत, मग पहाटे रीबूट करायला तुम्हालाच जावं लागतं.