डिस्चार्जच्या आधी घर

बौद्धिक दिव्यांग मुलांच्या पालकांमध्ये ‘आमच्यानंतर कोण?’ हा प्रश्न निघाला की महाराष्ट्रात मागणी होते ती मोठ्या निवासी संस्थेची. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला बेवारस दिव्यांग मुलांची संस्था चालवणाऱ्या शंकरबाबा पापळकरांनी या मुलांना वयाच्या अठरा वर्षांनंतरही संस्थेतच राहू द्यावे म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्या मुलांना जायला दुसरी जागाच नव्हती. पालकांची भीती मला पूर्ण मान्य आहे. तरी शंभर-दोनशे खाटांची इमारत बांधण्याआधी इंग्लंडचे काय झाले ते बघा.

2011 साली ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या बौद्धिक दिव्यांग आणि ऑटिस्टिक लोकांसाठीच्या 24 खाटांच्या खासगी रुग्णालयातली रुग्णांना होणारी मारहाण बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने दाखवली. अकरा कर्मचारी दोषी ठरले. अशा रुग्णालयांत विनाकारण अडकलेल्यांना जून 2014 पर्यंत बाहेर आणू, असे सरकारने जाहीर केले. ती मुदत हुकली, मार्च 2024 पर्यंत अडकलेल्यांची संख्या 2015 च्या तुलनेत निम्मी करण्याचीही हुकली.

कारण माणूस निघायला तयार असतो, घर नसते. आवाजाने बिथरणाऱ्याला पातळ भिंतींचा फ्लॅट चालत नाही. तळमजला लागतो, भाडेकरार त्याच्या नावावर लागतो. चोवीस तास दोन मदतनीस हवेत तर रजा-आजारपण धरून दहा-बारा जणांची भरती करावी लागते. त्यांनी आधी काही आठवडे वॉर्डात त्याच्यासोबत काढायला हवेत: तो नकार कसा देतो, कशाने चिडतो, दुखलेखुपले तर कसे कळवतो. हे टाळले की घर महिनाभरात मोडते आणि तो पुन्हा वॉर्डात. त्यात तिथल्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 117 खाली डिस्चार्जनंतर मिळणाऱ्या सेवेचा खर्च एनएचएसने (सरकारी आरोग्यसेवेने) किती आणि कोणत्या कौन्सिलने (स्थानिक प्रशासनाने) किती उचलायचा, यावर महिने जातात. तोवर तारीख पुढे ढकललेला माणूस खचतो, त्याचा त्रागा वाढतो आणि औषधेही वाढतात.

एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथे अशा प्रत्येक रुग्णाचा ठरावीक मुदतीने एक समिती आढावा घेते आणि त्या समितीत असे आयुष्य जगलेली व्यक्ती किंवा पालक बसतात.

आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या कलम 5 मध्ये समाजात राहण्याचा हक्क आहे, राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची घरौंदा ही निवासाची योजना आहे. मागणी करायचीच तर चार-पाच जणांच्या घरांची करावी, ओळखीच्या गल्लीत, आणि आई-वडील हयात असतानाच सुरुवात व्हावी: आधी आठवड्यातून एक रात्र, मग तीन, आणि रोजच्या चहाला आई तिथे.