तंबाखूला मोकळं सोडलेलं नाही, काका

काका, कॅन्सर रोखणाऱ्या जीन्सवर मी लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे पण मुद्द्याची आहे, म्हणून दोन ओळीत न उरकता सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की कॅन्सर रोखणाऱ्या जीन्सचं पुराण लावलं की गुटखा-तंबाखू विकणारे आयते सुटतात, लोक म्हणणार रक्तातच असेल तर खा बिनधास्त, आणि परळला टाटासमोर फुटपाथवर दिवस काढणारे पेशंट मी कधी बघितलेत का. बघितलेत हो, म्हणूनच लिहितो.

पण जीन आणि तंबाखू ही दोन वेगळी कारणं नाहीतच मुळी! पी५३ हे कॅन्सर रोखणारं प्रोटीन घ्या. पेशीतला डीएनए बिघडला की हे प्रोटीन पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं आणि दुरुस्ती होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावतं. साधारण निम्म्या कॅन्सरमध्ये याचाच जीन बिघडलेला सापडतो. आणि तो बिघडवतं कोण? बिडी-सिगारेटच्या धुरात बेंझोपायरीन नावाचं रसायन असतं, शरीरात गेल्यावर त्याचं जे काही बनतं ते डीएनएला चिकटून बसतं. १९९६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी लॅबमधल्या पेशींत बघितलं की या जीनमध्ये ते नेमकं कुठे चिकटतं, तर १५७, २४८ आणि २७३ नंबरच्या जागी जोरात, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडलेल्या सापडतात त्या जागाही ह्याच. याहून थेट पुरावा काय हवा? चघळायच्या तंबाखूत धूर नसतो पण नायट्रोसामाइन्स नावाची रसायनं असतात, तीही डीएनएवरच घाव घालतात. उद्या कोणी गुटखेवाला म्हणाला की "जीन्समुळे होतं", तर त्याला विचारा जीन फोडला कोणी.

आता "रक्तातच आहे" वाल्यांचं. कॅन्सर रोखणाऱ्या अशा जीनच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि सहसा दोन्ही गेल्याशिवाय काम बंद पडत नाही. १९७१ मध्ये आल्फ्रेड नूडसन या संशोधकांनी लहान मुलांच्या डोळ्यातल्या कॅन्सरच्या ४८ केसेस तपासून हे मांडलं. ज्या मुलांची एक कॉपी जन्मतःच खराब, त्यांना आजार लवकर आणि बऱ्याचदा दोन्ही डोळ्यांत, बाकीच्यांना उशिरा आणि एकाच डोळ्यात. म्हणजे वारशाने येते ती एक खराब कॉपी, अख्खा कॅन्सर नाही, आणि असे वारशाचे कॅन्सर सगळे मिळून ५ ते १० टक्केच धरतात. ज्याच्याकडे एकच चांगली कॉपी उरलीय त्याने बिनधास्त खायचं की उलट जास्त जपायचं, तुम्हीच सांगा.

शेवटी तुम्ही विचारलंय की काकूंच्या आईला आणि बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला, तर काकूंची बीआरसीएची टेस्ट (ज्या जीन्सच्या बिघाडाने ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो त्यांची) करायची का. आधी काकूंची नको, बहिणीची करा, कारण आजार त्यांना झालाय. त्यांच्यात बिघाड सापडला तर काकूंमध्ये नेमका तोच शोधता येतो, नुसत्या काकूंचा रिपोर्ट नॉर्मल आला तर त्यातून नीट काही कळत नाही. टाटाचं खारघरला कॅन्सर उपचार-संशोधनाचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहे, तिथे कॅन्सर जेनेटिक्सवाल्यांना भेटा, बहिणीची बायोप्सी आणि ऑपरेशनचे कागद सोबत न्या आणि माहेरच्या बाजूला कोणाला कुठला कॅन्सर कितव्या वर्षी झाला ते घरीच लिहून काढा.