‘पंधरा दिवस कागद दाबून ठेवले’ या अभिप्रायास आमचे उत्तर

आदरणीय महोदय,

आपण आमच्या कार्यालयाला एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. ‘मोफत म्हणून बोलावतात, पंधरा दिवस कागद दाबून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी हात वर करतात, शिवाय सहीच्या नावाखाली पैसे घेतात,’ असे आपण म्हटले आहे. कंपनीकडून निधी मिळावा म्हणून आम्ही मोफत लिहून दिलेला आपल्या संस्थेच्या अभ्यासिकेचा प्रस्ताव मुदतीत दाखल झाला नाही, याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. मुलींची ती अभ्यासिका मी स्वतः येऊन पाहिली आहे. एका बाकावर तिघी बसतात आणि वीज गेली की वह्या मिटतात, हे त्या प्रस्तावात मीच लिहिले होते. म्हणून तो हुकल्याचे दुःख मलाही आहे.

परंतु ‘दाबून ठेवले’ हा शब्द मला मान्य नाही, आणि तो सर्वांसमोर लिहिला गेल्याने उत्तरही सर्वांसमोर देणे भाग आहे.

आपण ३ तारखेला, शनिवारी, प्रथम आलात आणि कंपनीची मुदत १९ तारखेला, सोमवारी सायंकाळी ५ वाजता संपत होती. पंधरा दिवसांचा हिशेब बहुधा येथूनच आला असावा. त्या दिवशी आपल्या पिशवीत नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचे पॅन कार्ड, एका वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल आणि कार्यक्रमांची छायाचित्रे एवढेच होते. कंपनीने अहवाल तीन वर्षांचे मागितले होते. उरलेल्या नऊ कागदांची यादी मी त्याच रात्री आपल्या व्हॉट्सॲपवर पाठवली व ती आपण वाचल्याची खूणही दिसली. त्यानंतर १२ तारखेला दुसऱ्या वर्षाचा अहवाल आला, तोही मोबाईलने काढलेल्या फोटोत, ज्यात सनदी लेखापालांचा शिक्का होता त्या कोपऱ्यावर कोणाचा तरी अंगठा आला होता. स्वच्छ प्रत पाठवा, असे मी दोनदा कळवले. आपल्या घरी लग्नकार्य होते, हे मला नंतर समजले; त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, पण ते दिवस माझ्या खात्यावर मांडले जावेत, हे न्याय्य नाही.

दुसरी अडचण अध्यक्षांच्या नावाची होती. आपले आधीचे अध्यक्ष गेल्या वर्षी निवर्तले आणि नवे अध्यक्ष निवडले गेले, तरी धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखलच झालेला नव्हता. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे असा बदल ९० दिवसांत कळवावा लागतो. तो न कळवल्यामुळे परिशिष्ट १ च्या उताऱ्यावर (धर्मादाय कार्यालयातील संस्थेच्या नोंदीच्या प्रतीवर) जुनेच नाव होते आणि प्रस्तावावर सही मात्र नव्या अध्यक्षांची. छाननी करणारा माणूस सर्वांत आधी हेच पाहतो. प्रस्तावाची भाषा कितीही चांगली असली तरी उतारा आणि सही जुळली नाही, की तो बाजूला पडतो. म्हणून बदल अर्जाचा व विलंब माफीच्या अर्जाचा मसुदाही मी ८ तारखेला विनामूल्य करून दिला. विश्वस्तांच्या सह्या होऊन तो परत आला १७ तारखेला.

आणि शेवटचा दिवस. तिसऱ्या वर्षाचा अहवाल दुपारी ४ वाजून २० मिनिटांनी आला, तो आम्ही तातडीने पीडीएफ करून चढवला. फक्त कार्यकारिणीचा ठराव राहिला होता आणि त्यावर सचिवांची सही नव्हती. त्या वेळी फोनवर आपण ‘ताई, तुम्हीच मारून टाका सही, कोण बघतंय’ असे म्हणालात. हे मला येथे लिहायचे नव्हते. मी नकार दिला, आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तरी नकारच देईन. यालाच आपण हात वर करणे म्हणत असाल, तर तसे समजावे.

पैशांबद्दल थोडक्यात सांगते. १ एप्रिल २०२१ पासून कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी राबवणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ हा नोंदणीचा अर्ज भरावा लागतो. त्यावर संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची डिजिटल सही लागते आणि तो व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा परिव्यय लेखापालांकडून (कॉस्ट अकाउंटंट) प्रमाणित व्हावा लागतो. आपण दिलेली रक्कम डिजिटल सही देणाऱ्यांना आणि आपल्याच लेखापालांना गेली, पावत्याही त्यांच्याच नावाच्या आहेत. प्रस्ताव लेखनाचा एक रुपयाही आम्ही घेतलेला नाही. अनुदान मंजूर झाल्यावर त्यातील टक्केवारीही आम्ही कोणाकडून घेत नाही.

आमची चूक झाली नाही, असे माझे म्हणणे नाही. कोणता कागद कधी मिळाला याची लेखी पोच आम्ही आपल्याला दिली नाही, आणि आमच्या सहायक मुलीने १५ तारखेला ‘काम झाल्यातच जमा आहे’ असे आपल्याला सांगितले, ते सांगायला नको होते. यापुढे पोच देण्याची व मुदतीच्या काही दिवस आधीच कागद घेणे थांबवण्याची काहीतरी पद्धत आम्ही लवकरच बसवू.

माझे घर संस्थांच्या हिशेबलेखनावर चालते. शनिवारची ही मदत त्यातूनच वेळ काढून केली जाते. गेल्या आठवड्यात एका मंडळाने वार्षिक हिशेबाचे काम देण्याआधी आपला हाच अभिप्राय माझ्यासमोर धरला. आपण तारे कमी दिलेत याची खंत नाही, पण त्या पंधरा दिवसांबद्दलचे वाक्य तेवढे दुरुस्त करावे, अशी विनंती आहे.

आपला प्रस्ताव आणि अंदाजपत्रक आमच्याकडे जसेच्या तसे जपून ठेवले आहे आणि दुसऱ्या कंपनीकडेही ते देता येईल. कोणत्याही शनिवारी सकाळी ११ नंतर यावे. सचिवांना सोबत आणावे आणि दुसऱ्या वर्षाच्या अहवालाची मूळ प्रत आणावी.