सात सीटची गाडी आणि मुंबई दर्शन

दर मे महिन्यात पाहुणे येतात आणि दर मे महिन्यात मी तीच चूक करते: आठ तासांसाठी सात सीटची गाडी ठरवते. "आपली गाडी, आपल्या मनाने फिरू!" कसलं काय! मन ड्रायव्हरदादांचं.

सीएसएमटी. १८८८ साली पूर्ण झालेली इमारत, घुमटावर हातात मशाल घेतलेली ती बाई... एवढं सांगायला तोंड उघडते तोच दादा, "ताई, इथे थांबता येत नाही, मामा पावती फाडेल." राजाबाई टॉवर २८० फूट उंच, खिडकीतून मान वाकडी करून दिसतो निम्मा. गेटवेला गाडी लांब कुठेतरी उभी आणि वर "दहा मिनिटांत या हं!" अहो, काकूंचे गुडघे दहा मिनिटांत रस्तासुद्धा ओलांडत नाहीत!

अँटिलियासमोर मात्र गाडी आपोआप हळू होते. बँडस्टँडला नटाच्या बंद फाटकासमोर तर पाऊण तास! आणि मी मागच्या सीटवर, गुडघे हनुवटीला, मांडीवर चिवड्याची पिशवी.

रात्री काकू गावी फोन करतात, "बघितली हो मुंबई! एसी मस्त गार होता."