घटस्फोट झाला की निम्मी मालमत्ता बायकोची? खुलासा

घटस्फोट झाला की नवऱ्याची निम्मी मालमत्ता आपोआप बायकोच्या नावावर होते, असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरतोय. महाराष्ट्रात असा कायदा नाही. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 नुसार कायमची पोटगी मागता येते, पत्नीला आणि (हो!) पतीलाही. किती, ते कोर्ट दोघांचं उत्पन्न, मालमत्ता आणि वागणूक बघून ठरवतं. सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालानंतर पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मिळकत आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं.

स्त्रीधन मात्र तिचंच, माहेरच्या पाटल्या सासूबाईंच्या लॉकरमध्ये असल्या तरी. पुरावा म्हणून सोनाराची बिलं, लग्नातले फोटो जपून ठेवा.

हे 'निम्मं' बहुधा गोव्यातून आलं असावं. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार नसेल तर, नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात.

मेसेज ज्यावर गप्प आहे ते म्हणजे दोघांच्या नावावरचं गृहकर्ज. निकाल हातात पडला तरी बँकेच्या कागदावर दोघंही कर्जदारच. बँकेने लेखी मोकळं करेपर्यंत हप्ता चुकला की सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा) दोघांचाही घसरतो.