‘गोल्फ कार्टच्या टायरमधली हवा निम्मी करा’: या सल्ल्यातलं काय घ्यावं, काय सोडावं

पावसाळा तोंडावर आला की मुंबईकरांच्या फार्महाउसच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा हाच: ‘गोल्फ कार्ट मातीत घालायची असेल तर चारही टायरमधली हवा निम्मी करा. पकड दुप्पट होते, धक्के निम्मे होतात, पंक्चर होत नाही, बॅटरीही जास्त चालते. पावसात 8 पीएसआय पुरे. टायरवर लिहिलेला आकडा फक्त डांबरी रस्त्यासाठी असतो.’ (पीएसआय म्हणजे टायरमधल्या हवेचा दाब मोजायचं एकक.)

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो आणि यातला काही भाग खराही आहे. म्हणून तर हा मेसेज जास्त घातक. थोडं पटलं की माणूस उरलेलंही डोळे झाकून करतो, आणि मग जांभ्याच्या उतारावर, मागच्या सीटवर मुलं बसलेली असताना, टायर रिमवरून उतरतो. उंच केलेली, मोठी नक्षी असलेले टायर लावलेली बग्गी, म्हणजे गोल्फ कार्टच, गोराई-मनोरीच्या वाडीत, कर्जतच्या शेतावर किंवा अलिबागच्या बागेत चालवणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

‘टायरवरचा आकडा फक्त डांबरी रस्त्यासाठी असतो’

नाही. टायरच्या बाजूला लिहिलेला आकडा कुठल्याच रस्त्यासाठी नसतो. इतका दाब असेल तर हा टायर जास्तीत जास्त इतकं वजन पेलेल, एवढंच तो सांगतो. ती वरची मर्यादा आहे. दाब कमी केला की पेलायची ताकदही कमी होते, आणि हे डांबर, माती, हिरवळ सगळीकडे सारखंच लागू आहे.

रोजचा दाब शोधायचा तो गाडीच्या पुस्तिकेत किंवा गाडीवरच्या स्टिकरवर. कंपनीतून येणाऱ्या 18×8.50-8 मापाच्या (इंचांत टायरची उंची × रुंदी - रिमचा व्यास) टायरला तो साधारण 18 ते 22 पीएसआय असतो. पण गाडी उंच करून 22×11-10 किंवा 23×10.5-12 टायर चढवले की तो स्टिकर निरुपयोगी ठरतो. मेसेजमधली पहिली फसगत इथेच आहे. निम्मी करायची म्हणजे कशाच्या निम्मी? स्टिकरच्या, टायरवरच्या की काल पंक्चरवाल्याने अंदाजाने भरलेल्या हवेच्या?

हा ‘निम्मे’चा सल्ला बहुतेक एटीव्हीच्या (खडबडीत जमिनीवर चालवायच्या चारचाकी मोटरसायकलीच्या) व्हिडिओंमधून आला असावा. एटीव्हीच्या पुस्तिकेत 4 ते 7 पीएसआय असे आकडे खरंच असतात. पण तिचं वजन तीनेकशे किलो, वर एक माणूस. म्हणजे एका चाकावर शंभर किलोच्या आत भार. आता बग्गीचा हिशेब करा. शिशाच्या 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्यांचंच वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास होतं. गाडी बॅटऱ्यांसह साडेचारशे ते पाचशे किलो. चार माणसं बसली की पावणेआठशेपर्यंत. बॅटऱ्या सीटखाली आणि मागे तोंड करून बसलेली माणसं थेट मागच्या आसावर किंवा त्याच्याही मागे, त्यामुळे मागच्या प्रत्येक टायरवर अडीचशे किलोच्या जवळ भार येतो. टायर दिसायला सारखे, ओझं अडीचपट.

‘चारही टायरमधली हवा काढा’

नेहमीच्या बग्गीत मोटर फक्त मागचा आस फिरवते. बऱ्याच मॉडेलमध्ये ब्रेकही फक्त मागच्या चाकांनाच असतात. म्हणजे गाडी पुढे ढकलायचं काम मागचे दोन टायर करतात आणि थांबवायचं कामही तेच. पुढची हवा काढल्याने ढकलण्याची ताकद वाढत नाही, उलट स्टीअरिंग जड होतं आणि वळणावर पुढचा टायर मुडपतो. याला अपवाद वाळूचा. वाळूत पुढची चाकंही रुततात, म्हणून तिथे पुढची हवाही थोडी उतरवावी लागते.

पुढच्या आणि मागच्या टायरांत दोन-चार पीएसआयचा फरक असणं योग्यच आहे. डाव्या-उजव्यात मात्र फरक नको. तसा असेल तर गाडी एका बाजूला ओढते, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये (मोटरची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरमध्ये) ज्या चाकाची पकड कमी तेच जागेवर फिरत राहतं.

‘पकड दुप्पट होते’

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. हवा निम्मी केली की टायरचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो हे खरं. अडीचशे किलोच्या भाराला 20 पीएसआयवर साधारण 180 चौरस सेंटिमीटर, 10 वर हिशेबाने त्याच्या दुप्पट. प्रत्यक्षात थोडं कमी, कारण टायरचा स्वतःचा ताठरपणाही भार उचलतो. पण टेकणारा भाग दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही. ती होते की नाही, हे खालची जमीन ठरवते.

कोरडी सैल वाळू असेल तर मेसेज बरोबर आहे. तिथे अडचण रुतण्याची असते, आणि भार जास्त जागेवर पसरला की चाक वर राहतं. हिरवळीवरही दाब थोडा कमी ठेवलेला बरा, चाकोरी पडत नाही. (बटण टायर, म्हणजे मोठ्या सुट्या गाठींच्या नक्षीचे, हिरवळीवर घालू नका, दाब कितीही ठेवा, वळताना मुळं उपटली जातात.)

आता कोकणातला पावसाळी रस्ता घ्या. वर दोन-तीन इंच लाल चिखल आणि खाली कातळ. इथे टायरने चिखल कापून खालच्या कठीण थराला टेकायला हवं. हवा निम्मी केली की टायर पसरतो, चिखलावर तरंगतो आणि बाजूला घसरतो. शिवाय दाब फार उतरला की टायरचा मधला पट्टा आत दबतो, सगळा भार कडांवर जातो, नक्षीमधल्या फटी मिटतात आणि त्यात भरलेला चिखल बाहेर फेकला जात नाही. मग चांगला नवा टायरही गोटा टायरसारखा वागतो. अशा रस्त्यावर मागे 16 ते 18 पीएसआय ठेवणारा माणूस 8 वाल्याच्या आधी वर पोचतो. चिखलाला तळच नसेल, म्हणजे भातखाचरासारखी जागा असेल, तर कमी दाब उपयोगी पडतो. पण तिथे पावणेआठशे किलोची बग्गी घालूच नये.

शेवाळ धरलेले पेव्हर ब्लॉक, ओली फरशी, ओलं डांबर यांवर हवा काढून काहीच साधत नाही. तिथे वेग कमी करणं एवढाच उपाय.

‘पावसात 8 पीएसआय पुरे’

टायरची कड रिमला धरून असते ती मुख्यतः आतल्या हवेच्या दाबामुळे. बग्गीच्या रिमला ही कड बोल्टने आवळून ठेवणारी बीडलॉकची सोय सहसा नसते. 8 पीएसआयवर भरलेली गाडी वळणावर घातली, किंवा उताराला आडवी नेली, की खालच्या बाजूच्या मागच्या टायरवर आडवा जोर येतो, कड आत सरकते आणि हवा एका झटक्यात जाते. त्या कोपऱ्यात गाडी एकदम काही इंच खाली बसते. चार-सहा इंच उंच केलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आधीच वर गेलेला असतो. उलटायला तेवढं निमित्त पुरतं.

कड पूर्ण उतरली नाही तरी नुकसान होतंच. ती थोडी हलली की रिम आणि रबर यांच्यामध्ये चिखलाचे कण शिरतात आणि टायरमधली हवा हळूहळू जाऊ लागते. मुंबईच्या आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत लोखंडी रिमची कड तशीही गंजते. रोज एक-दोन पीएसआय उतरत असेल तर आधी वाल्व पिन आणि मग सगळी कड साबणाच्या पाण्याने तपासा. बुडबुडे कडेतून येत असतील तर टायर उतरवून, रिमची बैठक तारेच्या ब्रशने घासून, बीड सीलर (कडेच्या फटी बुजवणारा चिकट लेप) लावून पुन्हा बसवावा लागतो. कड बसवताना 35 पीएसआयच्या वर जाऊ नका आणि चाकासमोर वाकून उभे राहू नका. नाही बसली तर हवा काढा, कडेला साबण लावा आणि पुन्हा भरा.

‘धक्के निम्मे, पंक्चर नाही’

बारीक खडीवर कमी दाबाने आराम वाटतो, हे मान्य. खड्ड्यात मात्र रिम आणि दगड यांच्यात किती रबर आहे ते महत्त्वाचं. 22×11-10 टायरची साइडवॉल 6 इंच, 18×8.50-8 ची 5 इंच, 205/50-10 ची 4 इंच आणि 215/35-12 ची जेमतेम 3 इंच. मोठ्या टायरला चार पीएसआय उतरवणं परवडतं. तीन इंचीला ते करायला गेलात तर पहिल्याच पेव्हर ब्लॉकच्या काठावर रिम वाकेल. धक्के फार बसत असतील तर मागचे पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर तपासा. बसलेले पाटे टायरच्या हवेने बरे होत नाहीत.

पंक्चरचंही तसंच. दाब कमी असला की टायर टोकदार दगडावर दबतो, त्यामुळे नक्षीचा भाग कमी कापला जातो. पण साइडवॉल बाहेर फुगते आणि जांभ्याच्या धारेला किंवा बाभळीच्या काट्याला तीच आधी लागते. नक्षीतलं पंक्चर पट्टीने निघतं. साइडवॉल फाटली तर टायर गेला.

‘बॅटरी जास्त चालते’

वाळूत, हो. रुतणं कमी झालं की मोटरला कमी ओढ पडते. डांबर, काँक्रीट आणि घट्ट मातीवर बरोबर उलट: ढिला टायर प्रत्येक फेऱ्यात चुरगळतो आणि ती शक्ती उष्णता होऊन जाते. करंट जास्त ओढला जातो, चढावर मोटरला करंट पुरवणारा कंट्रोलर तापतो.

मग किती ठेवायची?

चार सीटच्या, 22×11-10 किंवा 23×10.5-12 टायर असलेल्या उंच बग्गीसाठी सुरुवात इथून करा. दोघेच असाल आणि घट्ट माती किंवा हिरवळ असेल तर पुढे 12 ते 14, मागे 14 ते 16. चार माणसं किंवा सामान असेल तर पुढे 14 ते 16, मागे 18 ते 20. पेव्हर ब्लॉक आणि अंतर्गत डांबरी रस्त्यावर चारही 18 ते 20. सैल वाळूत पुढे 10, मागे 12. माणसं कमी करा, माणूस भरभर चालतो त्याहून फार वेगाने जाऊ नका, झटक्यात वळू नका आणि बाहेर पडताच हवा भरा. 10 च्या खाली कुठेच नको. टायरवरची वरची मर्यादा यापेक्षा कमी असेल तर अर्थात तीच पाळा. लहान 18×8.50-8 टायर असेल तर 16 च्या खाली जाऊ नका. कमी उंचीच्या 205 आणि 215 टायरना हे आकडे लागू नाहीत. त्यांना कार्ट किंवा टायर बनवणाऱ्याने सांगितलेला दाबच ठेवा.

मोजायचं ते सकाळी, सावलीत, गाडी किमान तीन तास उभी असताना. हिवाळ्यात पहाटेच्या 18 अंशांना 20 पीएसआय भरलेला टायर दुपारच्या 33 अंशांना पावणेदोन पीएसआय जास्त दाखवतो. ते जास्तीचं काढून टाकू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर ढिला सापडेल.

पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर विसंबू नका. ते कारच्या तिशीतल्या आकड्यांसाठी असतं, आणि बग्गीच्या लहान टायरमध्ये काही सेकंदांत पाच पीएसआय जास्त जातात. शिवाय नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर काढता येत नाही, म्हणजे पंपापर्यंत नेणंही बेकायदा. 0 ते 30 पीएसआयचा कमी दाबाचा गेज घ्या, अर्ध्या पीएसआयच्या रेघा असलेला.

आकडा जमला का हे पाहायला खडू पुरतो. नेहमीची माणसं बसवा, टायरच्या रुंदीभर खडूची जाड आडवी रेघ ओढा, सपाट काँक्रीटवर सरळ दहा-पंधरा फूट जा. रेघ फक्त मधे पुसली गेली तर हवा जास्त आहे, फक्त कडांना पुसली तर कमी. एकेका पीएसआयने बदला आणि पुन्हा पाहा. पुढचे आणि मागचे टायर वेगवेगळे तपासा.

हवा भरायला सायकलचा उभा पंप चालतो, फक्त तो कारच्या वाल्वला बसणारा हवा. 12 व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर वापरायचा असेल तर 48 व्होल्टच्या संचातल्या एखाद्याच बॅटरीला त्याच्या तारा जोडू नका. ती एकटीच जास्त उतरते, चार्जर मात्र सगळ्यांना सारखंच धरून चालतो, आणि काही महिन्यांत त्या एका बॅटरीमुळे सगळा संच मार खातो. 48 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा आणि तो कॉम्प्रेसरला लागणारे अँपिअर देऊ शकतो ना, हे विकत घेण्याआधी बघा.